टाकेबाईंची बोचकी

प्लंबर दारात उभा राहिला, आत डोकावला आणि म्हणाला, "भिंत कुठाय?"

टाकेबाईंनी हात केला. "ही काय, ह्याच्यामागे."

'ह्याच्या' म्हणजे कापडाच्या. खाली ट्रंका, ट्रंकांवर खोकी, खोक्यांवर बोचकी, बोचक्यांवर घड्या, आणि अगदी वर, छताला चिकटून, एका जुन्या पडद्यात बांधलेलं काहीतरी, जे कोणी आणि कधी तिथे चढवलं हे आता घरातल्या कुणालाच आठवत नव्हतं. प्लंबरने मान वर केली, खाली केली, हातातली पिशवी जमिनीवर टेकवलीसुद्धा नाही.

"भिंत दिसली की बोलवा," म्हणाला आणि जिना उतरून गेला.

टाकेबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. लग्न होऊन या दोन खोल्यांत आल्या, पहिल्याच वर्षी मुलगी झाली, आणि त्या खिडक्यांच्या फटींतून असा काही गारठा यायचा की पोर रात्रभर कण्हायची. नवरा बस चालवायचा. त्याच्या झिजलेल्या खाकी पँटी आणि घरमालकिणीने टाकून दिलेले पडदे एवढ्या भांडवलावर टाकेबाईंनी पहिली गोधडी शिवली. शिकवलं कुणी नव्हतं. पण टाके असे बारीक, असे एका रेषेत, की गोधडी उलटी पांघरली काय आणि सुलटी पांघरली काय, फरक कळू नये. शेजारणीने पाहिली, तिने एक मागितली. तिच्या बहिणीने पाहिली. असं होता होता गल्लीतल्या अर्ध्याअधिक पलंगांवर त्यांच्या गोधड्या गेल्या आणि त्यांचं नाव टाकेबाई पडलं. नवरा निवृत्त झाला तरी गल्ली त्याला ड्रायव्हरकाकाच म्हणत राहिली, तसंच.

इथपर्यंत सगळं छान होतं. गोची झाली ती लोकांच्या चांगुलपणाने. कुणाचं बाळ मोठं झालं की त्याची झबली टाकेबाईंकडे. कुणाचा नवरा गेला की त्याचे शर्ट टाकेबाईंकडे. "टाकून द्यायला जीव होत नाही हो, तुमच्याकडे ठेवते, यातून काहीतरी होईलच," असं म्हणत माणसं यायची आणि हलकी होऊन जायची. टाकेबाईंना 'नको' म्हणणं जमत नसे. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथून 'ठेवा, ठेवा' होऊन बाहेर पडायचा.

मग कापड पलंगाखाली गेलं. पलंगाखालून माळ्यावर. माळ्यावरून ड्रायव्हरकाकांच्या कपाटात, आणि काकांचे कपडे दाराच्या खिळ्यावर. जुना फ्रीज बंद पडला तेव्हा भंगारवाल्याला देण्याऐवजी त्यात फ्लॅनेलचे तुकडे भरले गेले. काका पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या घरी फ्रीज उघडला की ऊब येते." पाहुणे हसायचे, टाकेबाईही हसायच्या.

एक गोष्ट मात्र त्या कुणाला सांगत नव्हत्या. कितीतरी वर्षांत त्यांनी एकही गोधडी पुरी केलेली नव्हती. सुई हातात घेतली की चारी बाजूंनी बोचकी बघायला लागायची. एकीचं काढावं तर दुसरी म्हणेल, माझं आधीचं होतं. तुकडा उचलायचा, कुरवाळायचा, परत ठेवायचा. दुपारभर घड्या करायच्या, घड्या मोडायच्या. काकांना वाटायचं, बायको कामात आहे. टाकेबाईंना स्वतःला तरी कुठे ठाऊक होतं की आपण काम करत नाही, राखण करतो आहोत.

त्यात भिंतीत पाइप फुटला. त्यांना कळलंही नसतं, पण खाली न्हाव्याचं दुकान होतं. त्याच्या छताला आधी एक डाग आला, मग डागाला धार आली. न्हावी मोठा सोशिक. वर आला, दारातच उभा राहून म्हणाला, "बाई, गिऱ्हाइकाचं डोकं मी एकदा ओलं करतो. तुमचं घर दुसऱ्यांदा करतं. आता लोक विचारायला लागलेत, शाम्पूचा वेगळा नळ बसवला का म्हणून."

टाकेबाई म्हणाल्या, "करते हो, या आठवड्यात करते." त्याच आठवड्यात प्लंबर येऊन दारातूनच परत गेला, आणि तो आठवडा तसाच गेला. पुढचाही गेला. रोज सकाळी त्या पदर खोचून त्या ढिगासमोर उभ्या राहायच्या, एखादं बोचकं खाली काढायच्या, सोडायच्या, आणि दुपारी ते परत बांधून जागेवर ठेवायच्या. न्हाव्याने खुर्ची सरकवून भिंतीला लावली आणि डागाखाली बादली ठेवली. जिन्यात भेटला की तो काही बोलत नसे, नुसता हसायचा. ते हसू टाकेबाईंना शिवीपेक्षा लागायचं.

शेवटी ड्रायव्हरकाकांनीच फोन उचलला आणि आपल्या थोरल्या बहिणीला बोलावलं.

"वन्संना?" टाकेबाई म्हणाल्या. "अहो, दुसरं कुणी नव्हतं जगात?"

"होतं," काका म्हणाले, "पण त्यांच्याने काम झालं नसतं."

वन्संचं सगळं आयुष्य एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात गेलं होतं. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट, डोंगरच्या डोंगर रोज त्यांच्या हाताखालून जायचे. माणूस एकटा, सडेतोड, आणि जीभ इस्त्रीसारखी गरम. टाकेबाई लग्न होऊन आल्या तेव्हा वन्संनी पहिल्याच दिवशी त्यांची घडी केलेली चादर उलगडून तिची पुन्हा घडी घातली होती. तेव्हापासून दोघींचं बोलणं 'बरं आहे ना', 'बरं आहे' याच्या पुढे फारसं सरकलं नव्हतं.

वन्सं आल्या त्या ॲप्रन बांधूनच. पाणी प्यायल्या, ढिगाला एक फेरी घातली आणि विचारलं, "यातलं तुझं किती आणि लोकांचं किती?"

टाकेबाई पदराने ट्रंकेवरची धूळ पुसायला लागल्या.

"मला वाटलंच," वन्सं म्हणाल्या. "चल, वरून सुरुवात."

काका स्टुलावर चढून एकेक बोचकं खाली द्यायला लागले. वन्संनी पद्धत लावून दिली. कापड खिडकीसमोर धरायचं, उजेड चाळणीसारखा आला तर बाद. अंगठ्याने दाबून ताणायचं, कुरकुरलं तर बाद. तळहातापेक्षा लहान तुकडा बाद. पहिला तास टाकेबाईंचा जीव वर-खाली होत होता.

"वन्सं, तो राहू दे, त्याचा रंग बघा तरी."

"बघितला. छान आहे. आणि कापड?"

टाकेबाईंनी अंगठा लावला. तुकडा टर्रकन फाटला.

"आता दोन झाले," वन्सं म्हणाल्या. "दोन्ही ठेवू?"

टाकेबाईंना हसू आलं. आवरायला गेल्या, आवरेना. वन्संच्या तोंडाचा कोपराही जरासा हलला. काका स्टुलावरून म्हणाले, "मी इथे लटकलोय, तुम्ही हसून घ्या."

त्यानंतर हात जरा सैल झाला. चिंध्या एकीकडे जमल्या, त्या कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला हव्याच होत्या तेल पुसायला. जाडीभरडी ब्लँकेटं भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यासाठी वेगळी काढली. चांगलं कापड वन्सं पुठ्ठ्याच्या पट्टीभोवती असं गुंडाळायच्या की पुस्तकासारखं उभं राहावं. टाकेबाई चोरून बघत होत्या. मग न राहवून म्हणाल्या, "वन्सं, ही घडी मला दाखवा ना परत."

वन्संनी वर पाहिलं. "तुला? तुझी घडी तर माझ्यापेक्षा बरी होती की."

"मग त्या दिवशी चादर का उलगडलीत?"

"अगं, त्यात झुरळ शिरताना दिसलं होतं मला. नवी नवरी घाबरेल म्हणून बोलले नाही."

टाकेबाईंनी हातातली पट्टी खाली ठेवली. इतकी वर्षं उराशी बाळगलेला राग, आणि निघालं काय, तर झुरळ! "सांगायचं नाही का हो?" एवढंच त्या म्हणाल्या. वन्सं म्हणाल्या, "तू विचारायचं नाही का?" वन्संनी पुढचं बोचकं ओढलं.

ढीग खाली येत गेला तसा वास यायला लागला. भिंतीला टेकलेली खालची खोकी ओलीचिंब झाली होती. उघडली तर आत काळी-हिरवी बुरशी, कापडाचा लगदा. वन्संनी नाकाला फडकं बांधलं आणि टाकेबाईंकडे हळूच बघितलं, आता ही रडणार म्हणून. टाकेबाईंनाही तसंच वाटत होतं. पण त्या लगद्याकडे बघताना त्यांना काही वेगळंच जाणवलं. खांद्यावरून कुणीतरी एक पिशवी अलगद उतरवून घ्यावी, तसं. जे कुजलं त्याचं आता काही करायचं नव्हतं.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "मला वाईट वाटत नाहीये. हे वाईट आहे का?"

"नाही," वन्सं म्हणाल्या. "ते टोक धर, बाहेर काढू."

संध्याकाळपर्यंत भिंत दिसली. डागाळलेली, फुगलेली, पण भिंत. भंगारवाला येऊन फ्रीज घेऊन गेला. प्लंबर आला, भिंत फोडली, पाइप बदलला, आणि खालून न्हाव्याने आवाज दिला, "बाई, थांबलं!" टाकेबाईंचा जीव भांड्यात पडला.

पण अर्धाच. कारण दुसऱ्या खोलीत लोकांची बोचकी रांगेने मांडून ठेवली होती. प्रत्येकाचं तोंड बांधलेलं, आणि टाकेबाईंना प्रत्येकाचा मालक पाठ.

"ही परत दे," वन्संनी सांगितलं.

"परत? कोणत्या तोंडाने जाऊ?"

"आहे त्याच तोंडाने. दुसरं आणणार कुठून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी निघाल्या. काकांनी सामान वाहायची ढकलगाडी आणून दिली. पहिल्या घरी बोचकं उघडलं तर त्या बाई म्हणाल्या, "हे आमचं नाहीच." टाकेबाईंनी शपथेवर सांगितलं की तुमचंच, तुमच्या मुलाच्या शाळेचे सदरे. बाई सदरा लांब धरून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढासा होता होय तो!" मग एक सदरा ठेवून घेतला, बाकीचे नको म्हणाल्या. दुसरीकडे माणसं बदलली होती, जुनी कुठे गेली कुणाला माहीत नव्हतं. तिसऱ्या घरचे आजोबा म्हणाले, "आमच्या हिने दिलं होतं? मग चोर घरातलाच होता तर. मला म्हणायची, कपाटातून कपडे चोरीला गेले." जिथे जाल तिथे हेच. ज्या माणसांची वर्षानुवर्षं आपण गुन्हेगार, असं टाकेबाई समजून बसल्या होत्या, त्यांना आपण फिर्यादी आहोत याचा पत्ताच नव्हता.

शेवटी गाडीत एकच उरलं. पांढऱ्या चादरीत बांधलेलं, सुतळीने आवळलेलं.

"हे कुणाचं?"

"बेकरीवालीच्या सासूचं." टाकेबाईंचा आवाज खाली गेला. "वन्सं, हे उद्या दिलं तर?"

ते बोचकं म्हणजे टाकेबाईंच्या मनातला काटा होता. म्हातारी गेली तेव्हा तिचे सगळे मुलगे-मुली बेकरीत जमले होते. थोरल्या लेकीने टाकेबाईंना बोलावून घेतलं, आईचे सगळे झगे चादरीत बांधून हातात दिले आणि सांगितलं, "याची गोधडी करा, वहिनीच्या पलंगावर घालायला. आई कायम तिच्याजवळ राहील." बेकरीवाली काउंटरमागे उभी होती आणि तिचे डोळे भरून आले होते. ते भरलेले डोळे टाकेबाईंना विसरता येईनात. एवढी माया करणारी सून, आणि आपण तिची साधी गोधडी केली नाही. तेव्हापासून त्यांनी त्या रस्त्याचं नाव टाकलं. पाव आणायला दोन चौक पलीकडे जायच्या. एकदा बेकरीवाली समोरून येताना दिसली तर टाकेबाई बुटांच्या दुकानात शिरल्या आणि नको असलेले बूट पायात घालून बघत बसल्या.

"उद्याही तेच तोंड असेल," वन्सं म्हणाल्या आणि गाडी वळवली.

बेकरीत गर्दी नव्हती. ताज्या पावाचा वास, काचेवर वाफ, आणि काउंटरमागे बेकरीवाली ट्रे पुसत उभी. तिने टाकेबाईंना पाहिलं. मग गाडीतल्या बोचक्याला पाहिलं. आणि तिच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

"झाली?" तिने विचारलं.

टाकेबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाही झाली हो. मी हात जोडते तुम्हाला. इतकी वर्षं ठेवलं, आणि एक टाकासुद्धा घातला नाही. तुमच्या सासूबाईंची आठवण..."

"नाही झाली?" बेकरीवालीने पुन्हा विचारलं. "एक टाकाही नाही?"

"नाही."

बेकरीवाली ट्रे ठेवून काउंटरमागच्या स्टुलावर बसली. तोंडाला फडकं लावलं. टाकेबाईंना वाटलं, रडते. पण तिचे खांदे गदगदत होते ते वेगळंच होतं.

"टाकेबाई," ती श्वास घेत म्हणाली, "तुमचे उपकार कसे फेडू? अहो, त्या बाईने माझं जिणं नकोसं केलं होतं. पाव करपला तर माझ्यामुळे, पाऊस आला तर माझ्यामुळे. आणि ती गेल्यावर तिलाच अंगावर घेऊन झोपायचं? जन्मभर? सगळे आठवण आठवण करत होते, मला रडूच कोसळलं. तोंडाने नाही म्हणायची सोय होती का? दरवर्षी मी मनात म्हणायचे, या वर्षी येणार गोधडी. तुम्ही दिसलात की काळजात धस्स व्हायचं. एकदा तुम्ही बुटांच्या दुकानात शिरलात ना, तेव्हा मी लाँड्रीत लपले होते. वाटलं, आता ह्या बाहेर येऊन म्हणणार, तयार आहे, घेऊन जा."

टाकेबाई बघतच राहिल्या. मग त्यांनी वन्संकडे पाहिलं. वन्सं पावांच्या मांडणीकडे तोंड करून उभ्या होत्या आणि त्यांची पाठ हलत होती.

"म्हणजे मी तुम्हाला भिऊन," टाकेबाई म्हणाल्या, "आणि तुम्ही मला भिऊन..."

"आणि पाव कुठून आणत होतात?"

"दोन चौक पलीकडून."

"अगंबाई! त्याचा पाव? तो तर चामडं!"

"हो ना, चामडंच. ह्यांची कवळी हलली त्याने."

मग मात्र तिघीही खुर्च्यांवर बसून हसल्या. एक गिऱ्हाईक आलं, बघून बाहेरच थांबलं. बेकरीवालीने चहा केला, गरम पाव कापला, लोणी लावलं. टाकेबाईंनी खाल्ला तो पाव त्यांना इतका गोड लागला की त्यांनी आणखी एक तुकडा उचलला.

चहा झाल्यावर बोचक्याचं काय करायचं हा प्रश्न उरलाच. सुतळी सोडली. आत जाड सुती झगे, काळे, राखाडी, एक गर्द निळा. कापड अजून दणकट होतं. वन्संनी अंगठा लावून बघितला आणि मान डोलावली.

"कुत्र्यांच्या निवाऱ्यात देऊ?" टाकेबाईंनी घाबरत विचारलं.

बेकरीवालीने झगे एकेक करून उलगडले. निळ्या झग्याच्या गळ्यावरून तिने बोट फिरवलं. "कुत्र्यांना ती मात्र रोज शिळा पाव घालायची," ती म्हणाली. "माझ्याशीच नव्हतं पटत तिचं. द्या. त्यांना ऊब होईल." मग कात्री आणली आणि सगळ्या झग्यांची बटणं कापून घेतली. "बटणं चांगली निवडायची म्हातारी. ती राहू देत मला."

परतताना गाडी रिकामी खडखडत होती. टाकेबाई ती एका हाताने ढकलत होत्या. चालता चालता वन्संना म्हणाल्या, "मी एवढी वर्षं नीट झोपले नाही यापायी."

"आणि ती तू झोपली नाहीस म्हणून झोपली," वन्सं म्हणाल्या. "काहीच वाया गेलं नाही."

वन्सं आणखी थोडे दिवस राहिल्या. भिंतीला गिलावा झाला, रंग झाला. काकांचे कपडे कपाटात गेले. खिळा उगाच राहिला होता, तोही त्यांनी उपटला. पुठ्ठ्यावर गुंडाळलेलं कापड एका फळीवर रांगेने उभं राहिलं, आणि ते सगळं टाकेबाईंचं होतं. निघायच्या दिवशी वन्संनी त्यातल्या पट्ट्यापट्ट्यांच्या एकावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हा कुठला गं?"

"रुग्णालयाच्या पडद्यांचा. तुम्हीच दिला होतात, फार पूर्वी. तुमच्या आवडीचा म्हणून मी वापरला नाही."

"वापर की," वन्सं म्हणाल्या. "माझ्याकडे नको पाठवूस. नुसता वापर."

काका बहिणीला बसपर्यंत सोडायला गेले. टाकेबाईंनी खिडकी उघडली. दुपारचं ऊन आत पार समोरच्या भिंतीपर्यंत आलं. त्यांनी जमीन पुसली, त्यावर एक जुनी चादर अस्तर म्हणून अंथरली आणि तुकडे लावायला बसल्या. पट्ट्यांशेजारी पिवळा लावून बघितला, नाही पटला. मातकट लावला, पटला. कुणी बघत नव्हतं, कुणाचा नंबर आधी नव्हता. पहिला टाका जरा वाकडा पडला, तो उसवून त्यांनी पुन्हा घातला.

काका परत आले तेव्हा पहिली ओळ पुरी होत आली होती. ते दारातच थांबले, चपला हळूच काढल्या.

"कुणाची करतेस?"

"ठरवलं नाही अजून," टाकेबाई म्हणाल्या. "तो मातकट तुकडा द्या बघू इकडे."